पोलिश नामांच्या विभक्ती: फ्रीजवरचा तक्ता उतरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त व्रोत्सवाफला येऊन आठ महिने झाले, सात विभक्ती आणि दोन वचनं मिळून एका नामाची चौदा रूपं असलेला तक्ता फ्रीजवर लावला आहे, तो पाठही झालाय, पण दुकानात तोंड उघडलं की एकही रूप वेळेवर आठवत नाही. यामागे काही तर्क आहे की नुसती घोकंपट्टी? आणि शेवटी जाता जाता विचारलंत, की घरमालकाने भाडेकरारात तुमच्या ‘पाटील’ आडनावाला शेपूट का लावलं.

मी पोलंडमध्ये सोळा वर्षं दुभाष्याचं आणि शिकवण्याचं काम करतो. माझ्याकडे आलेल्या मराठी माणसांपैकी बहुतेक जण हीच तक्रार घेऊन येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी सांगतो ते तुम्हालाही सांगतो: तक्ता काढा. तो चुकीचा नाही, पण तो शब्दकोशासारखा आहे, अडलं तर बघायचा. आणि ज्याला सामान्यरूप म्हणजे काय हे शाळेत कळलं, त्याची पोलिशमधली निम्मी वाट आधीच चालून झालेली असते. तुम्ही बहुधा इंग्रजीतल्या पुस्तकातून शिकताय. इंग्रजीत विभक्ती जवळजवळ उरलेली नाही, म्हणून ती पुस्तकं या गोष्टीचा बाऊ करतात. आपण ‘मूल’ला ‘मुलाला’ आणि ‘देऊळ’चं ‘देवळात’ करताना क्षणभरही थांबत नाही.

लिहिण्यातली एक सोय आधी सांगतो. पोलिश शब्द देवनागरीत लिहिताना ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च समजा, आणि ‘च’ बहुतेक ठिकाणी ‘चिमणी’तला. रेघ मारलेला एल हा ओठ गोल करून म्हणायचा ‘व’. बाकीचं कानाने सुधारेल.

पोलिशच्या सात विभक्ती म्हणजे प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, तृतीया, सप्तमी, संबोधन. पोलिश शाळेत याच क्रमाने शिकवतात. आपल्या यादीतली पंचमी यात दिसत नाही. ती षष्ठीत मिसळून गेली आहे. ‘साखरेचा’ आणि ‘साखरेपासून’ दोन्हींना एकच रूप, ‘त्सूक्रू’. गंमत अशी, की ‘ख्लेबा’ (ब्रेडचा) यासारख्या पुल्लिंगी षष्ठीतला ‘-आ’ मुळात पंचमीचाच आहे. संस्कृतच्या ‘देवात्’मधला ‘आत्’ आणि हा ‘आ’ एकाच मुळातून आले, शेवटचा त् वाटेत गळला. म्हणजे षष्ठीने पंचमी गिळली, पण प्रत्यय पंचमीचा वापरला.

मराठीशी पहिला मोठा फरक इथेच ध्यानात घ्या. आपल्याकडे दोन पायऱ्या आहेत. आधी नामाचं सामान्यरूप होतं, मग त्याला सगळ्यांना सारखाच प्रत्यय चिकटतो: घोड्याला, विहिरीला, पाण्याला. पोलिशमध्ये ‘-ला’सारखा एकच प्रत्यय नाही. लिंग, वचन आणि विभक्ती तिन्ही एकाच शेवटात वितळलेली असतात. ‘कोबियेतां’ (बाईसोबत, बाईने) यातला शेवटचा अनुनासिक स्वर एकाच वेळी स्त्रीलिंग, एकवचन आणि तृतीया सांगतो. त्यामुळे ‘चतुर्थीचा प्रत्यय कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘या जातीच्या नामाची चतुर्थी कशी?’ असं विचारावं लागतं.

पण चौदा खाने म्हणजे चौदा रूपं हे खरं नाही. ‘कोबियेता’ या शब्दाची मोजून दहा वेगळी रूपं होतात. ‘नोत्स’ म्हणजे रात्र, तिची फक्त सात. ‘मुझेउम’ तर एकवचनात हलतच नाही. अनेकवचनात चतुर्थी, तृतीया, सप्तमी या तिघींना सगळ्या लिंगांत ‘-ओम’, ‘-आमी’, ‘-आख’ हेच शेवट लागतात (‘लुज्मी’, म्हणजे माणसांसोबत, असे थोडे हट्टी शब्द सोडून). तिथे आपल्या ‘-आंना, -आंनी, -आंत’ इतकंच सोपं आहे.

आता मूळ शब्दाचं रूप बदलतं त्याबद्दल. पोलिशचा खरा धसका लोक इथे घेतात, आणि मराठी माणसाने तो घ्यायचं काहीच कारण नाही.

‘स्तूव’ म्हणजे टेबल. षष्ठी ‘स्तोवू’. ‘क्राकूफ’ शहर, तिथे जायचं तर ‘दो क्राकोवा’. ऊ होता तिथे ओ आला. का? कारण हा ऊ एके काळी दीर्घ ओ होता. शेवटचं अक्षर व्यंजनाने बंद झालं की स्वर लांबायचा, पुढे प्रत्यय येऊन अक्षर उघडलं की आखूड व्हायचा. आता ‘मूल’ आणि ‘मुलाला’ म्हणून बघा. ‘पूर’ आणि ‘पुराचा’. कोल्हापूर आणि कोल्हापुरात. शुद्धलेखनात ज्या ऱ्हस्व-दीर्घासाठी आपण मार खाल्ला, तीच चाल आहे.

मग ‘प्येस’, कुत्रा. षष्ठी ‘प्सा’. मधला ए कुठे गेला? ‘कापूस’मधला ऊ ‘कापसाला’ म्हणताना जिथे जातो तिथे. ‘पाऊस-पावसात’, ‘त्सूक्येर-त्सूक्रू’, ‘व्येदेन’ (व्हिएन्ना) आणि ‘दो व्येद्न्या’. प्रत्यय आला की मधला स्वर पडतो. उलटही होतं: प्रत्यय नसेल तर तो उगवतो. ‘ओक्नो’ खिडकी, खिडक्यांची षष्ठी ‘ओक्येन’.

आणि सप्तमी, जिच्या नावाने माझे विद्यार्थी बोटं मोडतात. ‘लास’ म्हणजे जंगल, जंगलात ‘व लेशे’. ‘कोत’ मांजर, मांजराबद्दल ‘ओ कोचे’. ‘वोदा’ पाणी, पाण्यात ‘व वोजे’. स चा श, त चा च, द चा ज. हे पाहून लोकांना वाटतं शब्दच बदलला. मी त्यांना विचारतो, घसा दुखतो तेव्हा दुखणं कुठे असतं? ‘घशात.’ स चा श कोणी केला? ससा-सशाला, पैसा-पैशाला, रोज करतो. मध्ये एक ‘य’ येतो आणि स त्याच्यात विरघळतो. त आणि द चंही तेच, फक्त ते मराठीत फार पूर्वी होऊन गेलं: नृत्य-नाच, अद्य-आज, विद्युत-वीज. त आणि य मिळून च, द आणि य मिळून ज. पोलिशमध्ये हा बदल विभक्तीच्या प्रत्ययापुढे अजून जिवंत आहे, एवढंच. सप्तमीचा हा ‘-ए’ म्हणजे ‘ग्रामे’, ‘नगरे’ मधल्या संस्कृत ए चा सख्खा भाऊ.

तसेच र चा झ (‘रोवेर’ सायकल, ‘ना रोवेझे’ सायकलवर), क चा त्स (‘पोल्स्का’, ‘फ पोल्स्त्से’ म्हणजे पोलंडमध्ये), ग चा द्झ (‘नोगा’ पाय, ‘ना नोद्झे’ पायावर). शेवटचे दोन स्त्रीलिंगी नामांत दिसतील. पुल्लिंगी नाम क, ग, ख ने किंवा आधीच मऊ झालेल्या (म्हणजे श, च, ज यांसारख्या किंवा मुळात ‘य’ मिसळलेल्या) व्यंजनाने संपत असेल तर सप्तमीत बदल होत नाही, नुसता ‘-ऊ’ लागतो: ‘फ पार्कू’, ‘व बान्कू’. तुमचं व्रोत्सवाफ यातलंच, ‘वे व्रोत्सवाव्यू’. नियमात न बसणारे दोन शब्द लगेच भेटतील, ‘दोम’ (घर) आणि ‘सिन’ (मुलगा): ‘व दोमू’, ‘ओ सिनू’. ‘सिन’ म्हणजे संस्कृतातला ‘सूनु’. उकारान्त नामांचं ते घराणं पोलिशमध्ये कधीच बुडालं, पण त्याचा ‘-ऊ’ पुल्लिंगी नामांच्या षष्ठीत, सप्तमीत, जागोजागी राहून गेला.

याच ‘ऊ’मुळे षष्ठीचा सगळ्यात चिवट प्रश्न उभा राहतो: निर्जीव पुल्लिंगी नामाला ‘-आ’ लावायचा की ‘-ऊ’? खरं सांगतो, पक्का नियम नाही. पोलिश शहरांना सहसा ‘-आ’ (क्राकोवा, ग्दान्स्का), महिन्यांना ‘-आ’, हत्यारं-अवजारांना बहुधा ‘-आ’ (‘नूश’ सुरी, ‘नोझा’). भाववाचक आणि परके शब्द बहुधा ‘-ऊ’कडे जातात: ‘चास’ वेळ, ‘चासू’. पण परकी शहरं बघा: ‘दो लोंदिनू’, ‘दो झिमू’ (रोमला), आणि लगेच ‘दो बेर्लिना’, ‘दो पारिझा’. ‘झामेक’ म्हणजे किल्ला असेल तर षष्ठी ‘झाम्कू’, कुलूप असेल तर ‘झाम्का’. यावर पोलिश माणसंही जेवणाच्या टेबलावर वाद घालतात. तुम्ही चुकलात तर कोणी हसणार नाही, म्हणून यावर रात्री जागवू नका.

जिथे चुकून चालणार नाही अशा तीन-चार जागा मात्र आहेत.

पहिली, नकार. ‘माम चास’ म्हणजे मला वेळ आहे. वेळ नाही म्हणायचं तर ‘न्ये माम चासू’. क्रियापदाच्या द्वितीयेतल्या कर्माला नकार लागला की कर्म षष्ठीत जातं. ‘दूध नाही’ हेसुद्धा ‘न्ये मा म्लेका’, शब्दशः ‘दुधाचं नाही’. मराठीत याला जोड नाही, त्यामुळे हे कानात मुद्दाम भरावं लागतं.

दुसरी, पेशा सांगणं. आपण ‘मी इंजिनीअर आहे’ प्रथमेत म्हणतो. पोलिश तृतीया मागते: ‘येस्तेम इंझिन्येरेम’. ‘येस्तेम इंझिन्येर’ म्हटलंत की समोरच्याला कळतं सगळं, पण तुम्ही कालच विमानातून उतरलात हेही कळतं.

तिसरी, आकडे, आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. पहिल्याच हिवाळ्यात, सकाळी बेकरीच्या रांगेत. मला पाच पाव हवे होते. एक पाव ‘बूवका’, दोन-तीन-चार असतील तर ‘बूवकी’, एवढं येत होतं. मी ठसक्यात म्हणालो, ‘प्येंच बूवकी.’ काउंटरमागच्या आजीबाईंनी पिशवीत एकेक पाव टाकत, माझ्याकडे न बघता, शाळेत पाढे म्हणावेत तसं म्हटलं: ‘येद्ना बूवका, द्व्ये बूवकी, त्शी बूवकी, च्तेरी बूवकी, प्येंच... बूवेक.’ पाचवा पाव पडला आणि शब्द बदलला. मागची रांग ऐकत होती. तो धडा पुस्तकातून कधीच इतका पक्का झाला नसता.

पाचपासून पुढे नाम षष्ठीच्या अनेकवचनात जातं. बारा-तेरा-चौदाही त्यातच. बावीसला पुन्हा ‘बूवकी’, पंचविसाला ‘बूवेक’. याचं कारण कळलं की राग शांत होतो. ‘प्येंच’ हा मुळात आकडा नव्हता, नाम होतं, ‘पाचांचा समूह’. संस्कृतात त्याचाच भाऊ ‘पङ्क्ति’, आणि पङ्क्तीतून आपली ‘पंगत’ आली. म्हणजे ‘प्येंच बूवेक’ला ‘पावांची पंगत’ समजा, षष्ठी आपोआप येईल. क्रियापदही त्यामुळेच एकवचनी राहतं. पैशातही हेच: एक ‘झ्वोती’, दोन ‘झ्वोते’, पाच ‘झ्वोतीख’. दुकानातल्या किमती मोठ्याने वाचणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त सराव आहे.

चौथी, जीव असलेलं आणि नसलेलं. आई बाळाला उचलते, पण पिशवी उचलते. ‘पिशवीला उचलते’ आपण म्हणत नाही. पोलिशचं पुल्लिंगी एकवचन याच न्यायाने चालतं: टेबल दिसतं तर ‘विद्झे स्तूव’, जसंच्या तसं. कुत्रा दिसतो तर ‘विद्झे प्सा’, षष्ठीचं रूप. पण मग टोमॅटो खाताना ते ‘येम पोमिदोरा’ म्हणतात, टोमॅटोत जीव घातल्यासारखं. गाड्यांच्या कंपन्यांची आणि नाचांची नावं, सिगारेट, ई-मेल यांचंही तसंच: मेल पाठव म्हणजे ‘विश्ली मेयला’. अनेकवचनात मात्र कुंपण आणखी आक्रसतं. तिथे जीव असून भागत नाही, माणूस पुरुषच लागतो. ‘विद्झे स्तुदेन्तूफ’ (विद्यार्थी दिसतात) हे षष्ठीचं रूप, पण बायका, मांजरं आणि टेबलं एकाच पंक्तीत प्रथमेच्या रूपाने. गटात एकच पुरुष असला तरी सगळा गट पुरुषी धरला जातो. यावर माझ्या वर्गात दर वर्षी भांडण होतं आणि मी त्यात पडत नाही.

चतुर्थीबद्दल काही सांगायचीच गरज नाही, इतकी ती आपली आहे. ‘मला थंडी वाजते’ म्हणजे ‘झिम्नो मी’. हा ‘मी’ म्हणजे मला! ‘मला आवडतं’, ‘मला कंटाळा आलाय’, ‘मला झोप येतेय’ ही सगळी वाक्यं पोलिशमध्येही चतुर्थीनेच होतात. इंग्रज विद्यार्थी इथे घाम गाळतात.

संबोधनही ओळखीचं. आपण देवाला ‘देवा’ म्हणतो, ते ‘बूग’ला ‘बोझे’ म्हणतात. आईला म्हणायचं ‘मामा’, हाक मारताना ‘मामो’. माझ्या मुलीने फोनवर आजोळी खऱ्या मामाला ‘मामो’ अशी हाक मारली तेव्हा तिकडे बराच वेळ शांतता होती. मित्राला नुसत्या नावाने, प्रथमेत हाक मारली तरी चालतं. डॉक्टरांना मात्र ‘पान्ये दोक्तोझे’च म्हणा.

आता पाठ काय करायचं? प्रत्येक नवीन नाम वहीत तीन रूपांत लिहा: प्रथमा, षष्ठी, सप्तमी. ‘स्तूव, स्तोवू, स्तोले.’ ‘म्यास्तो, म्यास्ता, म्येश्चे’ (शहर). मूळ शब्दाची बहुतेक सगळी मोडतोड या तीन रूपांत दिसून जाते. बाकीचे शेवट यांवरून बसवता येतात. नंतर सवडीने चौथं, षष्ठीचं अनेकवचन जोडा. आणि विभक्ती सुटी शिकू नका, ती ज्या शब्दामुळे येते त्याच्यासकट शिका. आपली शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे येतात, त्यांची पुढे, म्हणजे इशारा आधीच मिळतो. ‘दो’ ऐकलं की षष्ठी. ‘बेस’ (शिवाय) म्हणजेही षष्ठी. ‘झ’ फसवा आहे: ‘सोबत’ या अर्थी तृतीया, ‘-हून’ या अर्थी षष्ठी. कॉफीच्या दुकानात ‘कावा झ म्लेक्येम, बेस त्सूक्रू’ म्हणा, दुधासोबत, साखरेविना. एका वाक्यात दोन विभक्ती झाल्या आणि कॉफीही मिळाली. ‘ना’ म्हणजे वर किंवा -मध्ये, जायचं असेल तर द्वितीया, असायचं असेल तर सप्तमी: पोस्टात जातोय ‘ना पोच्ते’, पोस्टात आहे ‘ना पोच्चे’.

रस्त्यावरच्या पाट्या वाचा, त्या फुकटच्या शिकवण्या आहेत. वॉर्सात एक चौक आहे, ‘स्क्वेर दोब्रेगो महाराजी’, म्हणजे चांगल्या महाराजांचा चौक. दुसऱ्या महायुद्धात नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी पोलिश मुलांना आसरा दिला, त्यांच्या नावाचा. या पाटीत एक छान गुंता आहे. ‘महाराजा’ शब्द आ ने संपतो म्हणून स्त्रीलिंगी नामासारखा चालतो आणि षष्ठीत ‘महाराजी’ होतो. पण राजा पुरुष, म्हणून विशेषण मात्र पुल्लिंगी, ‘दोब्रेगो’. आपलं कोल्हापूरही त्या इतिहासात आहे: जवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. ते लोक आठवणी सांगताना ‘फ कोल्हापुझे’ म्हणणार, कोल्हापुरात. र चा झ झाला बघा. भारत मात्र पोलिशमध्ये अनेकवचनी आहे, ‘इंदिये’. भारतात म्हणायचं तर ‘व इंदियाख’, अगदी ‘पार्काख’ (बागांमध्ये) सारखं.

राहिलं तुमचं आडनाव. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी भाडेकरार सही करण्याआधी वाचला, ‘पानेम पातिलेम’ दिसलं, आणि पेनाने शेवटचा ‘एम’ खोडून टाकला. घरमालकीणबाईंनी तो परत लिहिला. यांनी परत खोडला. शेवटी मला फोन आला. करार ‘अमुक आणि तमुक यांच्यादरम्यान’ असतो, आणि ‘दरम्यान’ला तृतीया लागते, म्हणून ‘पातिलेम’. दुसऱ्या कलमात ‘पाना पातिला’ असेल, श्री. पाटलांचा. आपणही ‘पाटील’चं ‘पाटलांना’ करतोच की. ई ने संपणारी पुरुषांची आडनावं विशेषणासारखी चालतात, म्हणून पोलिश पुस्तकांत ‘गांधिएगो’ दिसतं. जोशी, कुलकर्णी मंडळींनी त्याचीच तयारी ठेवावी. शिंद्यांचं ‘शिंदेगो’ होतं. बायकांच्या अशा आडनावांना काहीच होत नाही, ‘पानी पातिल’ सगळ्या विभक्तींत ‘पातिल’च राहतात.

तेव्हा करारावर खाडाखोड करू नका. फक्त सहीच्या जागी आणि जिथे पासपोर्टवरून नाव उतरवायचं तिथे ते प्रथमेत आहे ना, एवढं तपासा. नाताळात शेजारी कार्ड देतील त्यावर तुम्हा दोघांसाठी ‘पाइन्स्त्फो पातिलोव्ये’ असं लिहिलेलं असेल. तो ‘-ओव्ये’ म्हणजे आदराचं अनेकवचन, राजांना आणि प्राध्यापकांना लावतात तोच.